नेरुळमध्ये व्हिएतनाम विश्वचषकाला पात्र ठरला तो सामना (६ फेब्रुवारी २०२२)

बेलापूरकर (धागालेखक)

६ फेब्रुवारी २०२२ हा दिवस आपणा सर्वांच्या स्मरणात लता मंगेशकर यांच्या निधनाचा दिवस म्हणून राहिला आहे, आणि तो तसाच राहणार. सकाळी बातमी आली, संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले, आणि त्या दिवशी दुसरे काही पाहावे अशी महाराष्ट्रात कोणाची मनःस्थिती नव्हती. त्याच दुपारी नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) यांच्या महिला संघांत एक सामना झाला. व्हिएतनामने तो २-१ असा जिंकला आणि तो देश प्रथमच फुटबॉलच्या वरिष्ठ विश्वचषकाला पात्र ठरला. त्यांच्या पुरुष संघाला हे आजवर जमलेले नाही. सुमारे दहा कोटी लोकसंख्येच्या आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या एका देशाची सर्वांत मोठी पात्रता आपल्या शहरात, सायन-पनवेल महामार्गालगत सिद्ध झाली, आणि आपल्याकडे तिचा उल्लेखही फारसा होत नाही. करोनामुळे त्या स्पर्धेला प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे 'मी तेव्हा मैदानात होतो' असे सांगणारा नवी मुंबईकरही भेटत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी या काळात महिलांची आशियाई चषक स्पर्धा नेरुळ, अंधेरी आणि पुण्यातील बालेवाडी अशा तीन ठिकाणी झाली. बारा संघ होते, आणि ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची आशियाई पात्रता स्पर्धाही होती. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चीन, दक्षिण कोरिया, जपान आणि फिलिपिन्स या चार संघांना थेट प्रवेश मिळाला. ऑस्ट्रेलियाचा संघ उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून १-० असा हरला. पण तो विश्वचषकाचा सहयजमान असल्याने त्याची जागा आधीच पक्की होती. उपांत्यपूर्व फेरीत हरलेले उरलेले तीन संघ, म्हणजे व्हिएतनाम, थायलंड आणि चायनीज तैपेई, शेवटच्या एका थेट जागेसाठी आपसांत खेळले. २ फेब्रुवारीला व्हिएतनामने थायलंडला २-० असे हरवले, ४ तारखेला थायलंडने तैपेईवर ३-० अशी मात केली, आणि ६ तारखेच्या सामन्यावर सगळे येऊन ठेपले.

त्या सामन्यात व्हिएतनामला बरोबरीही पुरेशी होती. सातव्याच मिनिटाला त्यांची बचावपटू चुओंग थी किएउ हिने गोल केला. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, तैपेईच्या सू यू-श्वानने बरोबरी साधली. त्यानंतर सहाच मिनिटांत न्गुयेन थी बिक थुईने व्हिएतनामला पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि ती शेवटपर्यंत टिकली. बरोबरी पुरेशी असताना संघ बहुधा मागे सरकतो, सगळे जण आपल्या गोलापाशी गोळा होतात आणि घड्याळाकडे पाहू लागतात. या संघाने गोल खाल्ल्यानंतर पुढे जाऊन दुसरा गोल केला, आणि मला त्या सामन्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. संध्याकाळी त्याच मैदानावर चीन आणि कोरिया यांच्यात अंतिम सामना झाला. चीनने मध्यंतराची ०-२ अशी पिछाडी भरून काढत अगदी भरपाई वेळेतल्या गोलाने तो ३-२ असा जिंकला, त्यामुळे जी थोडीफार चर्चा व्हायची ती त्या सामन्याची झाली.

या पात्रता सामन्याबद्दल कोणाकडे आणखी काही माहिती असेल, कोणी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल, तर जरूर लिहावे. आणि करोनामुळे भारताला त्या स्पर्धेतून घ्याव्या लागलेल्या माघारीवर बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावरही मोकळेपणाने लिहा.

मैदानवेडा_वाशी

धागा उत्तम आहे, परंतु एक मुद्दा मांडतो. २०२३ च्या विश्वचषकात संघांची संख्या २४ वरून ३२ झाली आणि आशियाच्या वाट्याला अधिक जागा आल्या. जो संघ जपानकडून ०-३, कोरियाकडून ०-३ आणि चीनकडून १-३ असा हरला, ज्याला साखळीत एकही विजय मिळाला नाही, तो दोन सामने जिंकून विश्वचषकाला जातो, यात त्या संघाचा पराक्रम किती आणि रचनेची कृपा किती, हा प्रश्न विचारायला हवा. मी त्यांचे यश नाकारत नाही. पण 'ऐतिहासिक' हा शब्द वापरताना ही परिस्थितीही नोंदवावी.

बेलापूरकर

मैदानवेडा, दार रुंद झाले हे खरे, पण ते थायलंडसाठी आणि तैपेईसाठीही तेवढेच रुंद झाले होते. या तिघांमध्ये विश्वचषक न खेळलेला संघ व्हिएतनामचाच होता. तैपेईचा संघ १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता. थायलंड २०१५ आणि २०१९ असे लागोपाठ दोन विश्वचषक खेळून आला होता.

त्यातही थायलंडची २०१५ ची पात्रता कशी आली हे पाहिले, तर नेरुळमधल्या २ फेब्रुवारीच्या सामन्याचे वजन कळेल. मे २०१४ मध्ये आशियाई चषक स्पर्धा व्हिएतनाममध्येच, हो ची मिन्ह शहरात, भरली होती. तेव्हाही विश्वचषक २४ संघांचा झाला होता, तेव्हाही शेवटची जागा पाचव्या क्रमांकाच्या सामन्यावर ठरायची होती, आणि घरच्या मैदानावर व्हिएतनामचा संघ थायलंडकडून २-१ असा हरला. आपल्या लोकांसमोर हातची संधी गेली आणि शेजारचा देश विश्वचषकाला गेला. आठ वर्षांनी पुन्हा तशीच वेळ आली, समोर पुन्हा थायलंड होता, आणि या वेळी निकाल २-० असा व्हिएतनामच्या बाजूने लागला. रचनेने संधी दोनदा दिली होती. पहिल्यांदा ती साधता आली नाही.

आणि या आठ वर्षांत ते स्वस्थ बसले नव्हते. महिलांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा त्यांच्याकडे १९९८ पासून चालू आहे. आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत २०२२ पूर्वी त्यांनी सहा सुवर्णपदके मिळवली होती, त्यांतली शेवटची दोन २०१७ आणि २०१९ ची. प्रशिक्षक माई डुक चुंग सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि १९९० च्या दशकापासून या संघाशी त्यांचे नाते आहे. आपल्याकडे इंडियन विमेन्स लीग सुरू झाली ती २०१६-१७ च्या हंगामात. एवढ्या अंतराची तुलना करतानाच मला वाईट वाटते.

गणिती_ठाणे

धागा वाचून मी त्या स्पर्धेची गुणतालिका पुन्हा समोर ठेवली आणि जे दिसले त्याने थक्क झालो. भारताची माघार आणि व्हिएतनामची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हिशेब थोडा लांब आहे, पण सावकाश वाचावा ही विनंती.

बारा संघांचे तीन गट होते. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या तीन संघांपैकी सरस दोन, असे आठ संघ पुढे जाणार होते. व्हिएतनाम क गटात तिसरा आला. जपान आणि कोरियाकडून प्रत्येकी ०-३ अशी हार, म्यानमारशी २-२ अशी बरोबरी, म्हणजे एक गुण आणि उणे सहा गोलफरक. म्यानमारलाही एकच गुण होता. ते जपानकडून ०-५ आणि कोरियाकडून ०-२ असे हरले होते, म्हणजे गोलफरक उणे सात. दोघांचा आपसातला सामना बरोबरीत सुटला असल्याने तिसरा क्रमांक ठरला तो फक्त एका गोलाच्या फरकाने.

आता ब गटात थायलंड तीन गुणांसह तिसरा होता, म्हणजे तो पुढे जाणारच होता. उरलेली एक जागा अ गटाचा तिसरा संघ आणि व्हिएतनाम यांच्यात ठरायची होती. भारत स्पर्धेबाहेर गेल्यामुळे अ गटात तीनच संघ उरले, भारत-इराण सामना रद्दबातल धरला गेला, आणि इराणचे चीनकडून ०-७ व तैपेईकडून ०-५ असे दोन पराभव उरले. शून्य गुण, उणे बारा गोलफरक. गट समान नसल्याने इतर गटांतल्या तिसऱ्या संघांचे चौथ्या संघाविरुद्धचे सामने तुलनेतून वगळले गेले, त्यामुळे व्हिएतनामलाही शून्य गुण उरले, पण त्यांचा गोलफरक उणे सहाच होता. ते इराणच्या पुढे राहिले.

भारत खेळत राहिला असता तर काय झाले असते? इतर सर्व निकाल जसे लागले तसेच धरू, आणि चीनकडून आपण हरलो असतो असेही धरू. इराणशी आपली ०-० अशी बरोबरी झालीच होती. राहिला तो भारत-तैपेई सामना. आपण जिंकलो असतो तर आपले चार गुण, तैपेईचे तीन, आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या तैपेईचे हे तीन गुण व्हिएतनामच्या एका गुणापेक्षा जास्त. बरोबरी झाली असती तर तैपेईचे चार, आपले दोन, आणि आपण तिसरे असूनही व्हिएतनामच्या पुढे. म्हणजे आपण तैपेईशी नुसती बरोबरी केली असती, तरी व्हिएतनाम गटातूनच घरी परतला असता. आपण हरलो असतो तरच त्यांना आशा होती, आणि तीही आपला एकूण गोलफरक त्यांच्याहून खराब झाला असता तर.

भारत आणि व्हिएतनाम त्या स्पर्धेत समोरासमोर आलेच नाहीत, तरीही एकाच्या माघारीने दुसऱ्याची वाट मोकळी झाली. यात व्हिएतनामचे यश जराही कमी होत नाही, कारण मिळालेल्या संधीतून त्यांनी थायलंड आणि तैपेई अशा दोन संघांना मैदानात हरवले.

कोपरीची_मेधा

गणिती, आपला हिशेब वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मी ठाण्यात शाळकरी मुलींना फुटबॉल शिकवते. २३ जानेवारीच्या संध्याकाळी आमच्या मुली आपापल्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसून होत्या. इराणविरुद्ध संधी दवडल्या होत्या, बरोबरीने सगळ्या नाराज होत्या, पण तैपेईला हरवता येईल असा विश्वास होता. आणि मग कळले की सामनाच होणार नाही. स्पर्धेच्या करोनाविषयक नियमानुसार सामना खेळण्यासाठी किमान तेरा खेळाडू उपलब्ध असावे लागत, आणि संघात इतक्या जणी बाधित झाल्या होत्या की तेवढ्या नावांची यादी देणे अशक्य झाले. संघाने माघार घेतल्याचे धरले गेले. यजमान देशाचा संघ एका सामन्यानंतर स्पर्धेबाहेर, आणि तो सामनाही नोंदींतून पुसलेला.

त्या रात्री मुलींना काय समजवावे ते मला कळेना. त्या विचारत होत्या की सामना दोन दिवस पुढे का ढकलत नाहीत. प्रश्न रास्त होता. स्पर्धेचे वेळापत्रक आखीव होते, नियम सर्व संघांना आधीपासून ठाऊक होता, आणि तो सर्वांना सारखाच लागू होता. तरीही ज्या मुलींनी कित्येक महिने या पंधरवड्यासाठी तयारी केली होती, त्यांना पुन्हा मैदानावर न उतरता बाहेर जावे लागले, याचे दुःख नियमाच्या रास्तपणाने कमी होत नाही. आशालता देवी, डालिमा छिब्बर, मनीषा कल्याण, इंदुमती कथिरेसन यांच्यासारख्या खेळाडूंची ती पिढी घरच्या मैदानावर विश्वचषकाच्या पात्रतेसाठी खेळणार होती. तशी संधी त्यांना पुन्हा मिळेलच असे नाही.

एक भर घालते. व्हिएतनामलाही करोनाने सोडले नव्हते. स्पर्धेपूर्वी त्यांचे शिबिर स्पेनमध्ये होते, तिथे अनेक खेळाडू बाधित झाल्या आणि संघाला भारतात तुकड्यातुकड्यांनी यावे लागले. पहिल्या दोन सामन्यांतले ०-३ असे पराभव वाचताना मैदानवेडा यांनी हेही लक्षात घ्यावे. अर्धा संघ नुकता आजारातून उठलेला असताना जपान आणि कोरियाविरुद्ध तीनच गोल खाणे, आणि पुढे गणितींनी दाखवल्याप्रमाणे एका गोलाच्या फरकाने तगून राहणे, ही मोठी गोष्ट आहे. चौथा गोल न खाण्यासाठी शेवटच्या मिनिटापर्यंत झगडणाऱ्या बचावफळीमुळेच त्या विश्वचषकाला गेल्या, असे मी आता मुलींना सांगणार आहे. सामना हरल्यात जमा असला की आमच्या मुली खांदे पाडतात. त्यांच्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडणार नाही.

मैदानवेडा_वाशी

मेधाताई, स्पेनमधल्या शिबिराची माहिती महत्त्वाची आहे, धन्यवाद. तिच्यामुळे त्या दोन पराभवांकडे वेगळ्या दृष्टीने पाहायला हवे, हे मान्य.

मात्र गणितींच्या हिशेबात भारत तैपेईला हरवेल किंवा रोखेल हे गृहीतक कितपत टिकते? तैपेईने इराणला ५-० असे हरवले आणि आपण त्याच इराणविरुद्ध एकही गोल करू शकलो नाही. तिसऱ्या संघाच्या आधाराने दोन संघांची तुलना करणे धोक्याचे असते हे खरे, पण ही तफावत अगदीच दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

गणिती_ठाणे

मी कोणताही निकाल गृहीत धरलेला नाही, तिन्ही शक्यता मांडल्या आहेत. तरी आपल्या प्रश्नाला आधार असलेले उत्तर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे या स्पर्धेच्या तीनच महिने आधी, भारतीय संघाने बहारीनमध्ये याच तैपेईला मैत्रीपूर्ण सामन्यात १-० असे हरवले होते. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन पात्रता सामन्याइतके नसते, त्यामुळे त्यावरून विजयाचा दावा करणार नाही. पण थॉमस डेनर्बी यांच्या मार्गदर्शनाखालील तो संघ तैपेईशी बरोबरीच्या नात्याने खेळू शकत होता, एवढे म्हणायला ती नोंद पुरेशी आहे.

आणखी एक आकडेमोड ६ फेब्रुवारीच्या सामन्याची. धागालेखकांनी लिहिले की व्हिएतनामला बरोबरी पुरेशी होती. समजा तैपेईने तो सामना २-१ असा जिंकला असता, तर तिन्ही संघांचे प्रत्येकी तीन गुण झाले असते. व्हिएतनामचे गोल झाले असते तीन विरुद्ध दोन, आणि थायलंडचेही नेमके तीन विरुद्ध दोन. म्हणजे स्पर्धेतले आपले सामने संपवून बसलेला थायलंडचा संघ त्या दुपारी तैपेईच्या एकेका चालीकडे डोळे लावून असणार. पन्नासाव्या मिनिटाला बरोबरी झाली तेव्हा तैपेईचा आणखी एक गोल सगळा गुंता करू शकत होता. बिक थुईच्या छप्पन्नाव्या मिनिटाच्या गोलाने तो प्रश्नच मिटवला. म्हणून 'बरोबरी पुरेशी असताना पुढे जाऊन गोल केला' हे धागालेखकांचे निरीक्षण मला फार पटले.

जुईनगर_जुना

मी वयाने ज्येष्ठ आहे आणि मला या तीन संघांची नावे वाचून वेगळेच काही आठवले. भारताचा महिला संघ आशियाई चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोनदा पोहोचला आहे. १९७९ ची ही स्पर्धा आपल्याच देशात, कालिकतला झाली. अंतिम सामन्यात आपण तैवानच्या संघाकडून २-० असे हरलो. १९८३ साली बँकॉकमध्ये थायलंडने आपल्याला अंतिम सामन्यात हरवले. त्या काळी तैवानचा संघ आशियातला सर्वांत बलवान होता. १९७७, १९७९ आणि १९८१ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे त्याने मिळवली. आपण त्या रांगेत उभे होतो. व्हिएतनामच्या महिला तेव्हा आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या नकाशावर नव्हत्याच.

चाळीस वर्षांनी नेरुळच्या मैदानावर शेवटच्या जागेसाठी कोण झगडत होते? आपल्याला दोन अंतिम सामन्यांत हरवणारे तेच दोन संघ, आणि त्या दोघांच्या पुढे गेलेला व्हिएतनाम. आपण यजमान असूनही त्या लढतीत नव्हतो, आणि त्याचे कारण फक्त करोना नाही. त्या आधीच्या कितीतरी वर्षांत आपल्या महिला संघाला सामनेच मिळत नव्हते. दोनदा आशियाची उपविजेती ठरलेल्या संघाची पुढची वाटचाल अशी व्हावी, याचे मला अतिशय वाईट वाटते, आणि ते कोणत्याही एका माणसाच्या माथी मारता येत नाही हे त्याहून वाईट.

सानपाडा_लोकल

विश्वचषकात पुढे व्हिएतनामचे काय झाले हेही नोंदवू या. २०२३ मध्ये ते अमेरिकेकडून ०-३, पोर्तुगालकडून ०-२ आणि नेदरलँड्सकडून ०-७ असे हरले. एकही गोल करता आला नाही. हे आकडे पाहून काही जण म्हणतील की अशी पात्रता काय कामाची. मी उलट म्हणेन. २०१९ मध्ये याच अमेरिकेने थायलंडवर तेरा गोल केले होते. व्हिएतनामच्या गोलरक्षक च्रान थी किम थान हिने त्याच अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स मॉर्गनची पेनल्टी अडवली. कर्णधार हुइन्ह न्हू नेरुळच्या विजयानंतर काही महिन्यांतच पोर्तुगालमधल्या क्लबकडून खेळायला गेली, आणि युरोपात खेळणारी व्हिएतनामची ती पहिली महिला फुटबॉलपटू ठरली. पात्रतेनंतर खेळाडूंसाठी जी दारे उघडतात, ती विश्वचषकातल्या गोलसंख्येत दिसत नाहीत.

शिवाय एकट्या व्हिएतनामचीच गोष्ट नाही. त्याच स्पर्धेत ३० जानेवारीला पुण्यात फिलिपिन्सने तैपेईशी १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर विजय मिळवला आणि त्या देशालाही पहिला फुटबॉल विश्वचषक मिळाला. निर्णायक पेनल्टी मारणाऱ्या सरिना बोल्डेननेच पुढे वेलिंग्टनमध्ये गोल करून फिलिपिन्सला यजमान न्यूझीलंडवर १-० असा विजय मिळवून दिला. एका आठवड्यात दोन देशांनी आपल्या पहिल्या विश्वचषकाचे दार महाराष्ट्राच्या भूमीवर उघडले. बिचाऱ्या तैपेईचेही वाईट वाटते. दोन्ही वेळा समोर तोच संघ होता, आणि दोन्ही वेळा थोडक्यात हरला.

कोपरीची_मेधा

जुईनगरकाका, आपल्या प्रतिसादाला एक आनंदाची जोड देते. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईमध्ये २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेसाठी भारत आणि थायलंड यांच्यात पात्रतेचा शेवटचा सामना झाला. गटात दोघांचे गुण आणि गोलफरक समान होते, म्हणजे जिंकेल तो जाईल अशीच स्थिती. थायलंड घरच्या मैदानावर खेळत होता आणि जागतिक क्रमवारीत आपल्या बराच वर होता. संगीता बासफोरने पूर्वार्धात गोल केला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडने बरोबरी साधली, आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला संगीतानेच दुसरा गोल करून आपल्याला २-१ असे जिंकून दिले. पात्रता फेरी खेळून आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. संगीता गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून परत आलेली खेळाडू आहे.

नेरुळच्या सामन्याशी तुलना करून पाहा: आघाडी, मध्यंतरानंतर लगेच बरोबरी, आणि पुन्हा आघाडी घेऊन २-१ असा विजय. सामन्याचा घाट तोच आहे. बरोबरीचा गोल बसल्यावर संघाने काय करावे, हे दाखवण्यासाठी मी मुलींना हे दोन्ही सामने एकापाठोपाठ दाखवायचे ठरवले आहे. व्हिएतनामच्या सामन्याचे पूर्ण चित्रीकरण कोणाला मिळाले तर कृपया इथे कळवावे. आम्हाला सरावासाठी आठवड्यातून जेमतेम दोनदा मैदान मिळते, तेव्हा उरलेल्या दिवशी सामने बघूनच शिकावे लागते.

मैदानवेडा_वाशी

मेधाताई, चित्रीकरण शोधण्याची जबाबदारी मी घेतो. 'ऐतिहासिक' या शब्दावर माझी हरकत होती, ती गणितींचा हिशेब आणि २०१४ च्या सामन्याचा संदर्भ वाचल्यावर उरलेली नाही. धागालेखकांना एक सूचना: नेरुळच्या स्टेडियमची ओळख आपण क्रिकेटपुरती ठेवतो. तिथे झालेल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यांची यादी याच धाग्यात असावी.

बेलापूरकर

सूचना मान्य. मला खात्रीने ठाऊक असलेले सामने आत्ता देतो. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाच्या पहिल्या दिवशी न्यूझीलंड-तुर्कस्तान (१-१) आणि पॅराग्वे-माली (३-२), २५ ऑक्टोबरला त्याच स्पर्धेचा स्पेन-माली उपांत्य सामना (३-१). २० जानेवारी २०२२ चा भारत-इराण सामना, जो अधिकृत नोंदींत नसला तरी आपल्या यादीत असायलाच हवा. ६ फेब्रुवारी २०२२ चे दोन्ही सामने. आणि ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, ज्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. २०१७ चे आणि ऑक्टोबर २०२२ चे सामने पाहायला प्रेक्षकांना प्रवेश होता, त्यामुळे इथल्या अनेकांनी ते प्रत्यक्ष पाहिले असतील. ज्यांनी पाहिले त्यांनी कोणत्या बाजूला बसला होतात, काय लक्षात राहिले, हे सविस्तर लिहावे. मी मूळ धाग्यात एकेका सामन्याखाली ते जोडत जाईन.